तुळईवरचे नाव

माझे लग्न ठरले आणि आमच्या घरातली झोप उडाली. आई दाराला कडी घातल्यावर ती दोनदा ओढून पाहू लागली. वडील जेवताना घास हातात धरून थांबत आणि कुठेतरी बघत राहत. मावशी तर माझ्याकडे अशा नजरेने पाही, की मी सासरी नव्हे, तुरुंगात चालले आहे असे वाटावे.

भीती नवऱ्या मुलाची नव्हती. तो साऱ्यांना पसंत होता. भीती पैशांची होती.

वडील नगर जिल्ह्यात गावोगाव फिरून ख्रिस्ताच्या सुवार्तेच्या पत्रिका आणि लहान पुस्तके विकत. खांद्यावर कापडी पिशवी, पायात टायरच्या वहाणा. त्यांच्या उरलेल्या पत्रिकांवर मी अक्षरे ओळखायला शिकले. पुढे बेचाळीस साल आले तेव्हा त्याच पिशवीच्या तळाशी मी दुसरी पत्रके लपवू लागले, निळ्या शाईची, हाताने छापलेली. वडिलांना ते ठाऊक होते. ते फक्त एवढेच म्हणाले होते, "वरच्या पत्रिकांना डाग पडू देऊ नकोस."

आम्ही राहत होतो ते घर वडिलांच्या मिशनमधल्या नोकरीबरोबर मिळालेले होते. नोकरी संपली की घर संपणार. म्हणून आईवडिलांनी जन्मभर एकच ध्यास घेतला होता, की आपल्या एकुलत्या एक मुलीला तरी स्वतःचे घर असावे. वडील पायी चालून टांग्याचे पैसे वाचवत. आई मुलींना शिवण शिकवी आणि त्या मोबदल्यातला एक वाटा एका गोधडीत शिवून टाकी. ती गोधडी पाहुण्यांना कधी दिली जात नसे. थंडीत कुडकुडणाऱ्या पाहुण्याला आई आपल्या अंगावरचे पांघरूण देई, पण त्या गोधडीवर स्वतः बसून राही.

आणि घरात मावशी होती. तिच्याकडे पाहिले की आमची भीती कुठून आली हे कुणालाही कळावे. तिच्या लग्नात आजोबांनी घर बांधायला चांदीचे रुपये दिले होते, थेट जावयाच्या ओंजळीत. घरातल्या मोठ्या दिराने ते मागून घेतले आणि आपल्या शेतात विहीर खणली. घर पुढच्या वर्षी बांधू म्हणाला. पुढच्या वर्षी पटकीच्या साथीत मावशीचा नवरा गेला. मावशी पितळेचा एक तांब्या घेऊन चालत नगरला आली. त्या तांब्यावर तिचे नाव होते म्हणून तो तेवढा तिला मिळाला. लग्नात मुलीला भांडी देतात त्यांवर तिचे नाव घालून देतात, तसे तेही घातलेले होते. रुपयांवर नाव नव्हते.

"माझ्या हिरीला पानी लागलंय म्हनं लई गोड," ती म्हणे. "मी न्हाई प्याले अजून."

माझा नवरा पुणतांब्याच्या बाजूला, गोदावरीकाठच्या एका लहान गावात शाळामास्तर होता. आम्ही एकमेकांना एका सभेत पाहिले होते, पत्रकांच्या गठ्ठ्याच्या अलीकडे आणि पलीकडे. त्याच्या वडिलांनी गावात घर बांधण्याजोगी मोकळी जागा मागे ठेवली होती. ती त्याची आणि त्याच्या मोठ्या भावाची मिळून होती. हा भाऊ बेलापूरकडच्या साखर कारखान्यात मुकादम होता. त्याचे बोलणे मोठे, खिसा रिकामा, आणि दुसऱ्याची वस्तू उचलताना हात अजिबात न कापणारा. हे सारे वडिलांनी गावोगाव फिरताना ऐकून ठेवले होते.

"रोकड मी जावयाला देणार नाही," वडिलांनी एके दिवशी जाहीर केले.

मी पेटून उठले. बाईमाणूस आणि पुरुषमाणूस बरोबरीने संसार करतील, एकमेकांपासून काही राखून ठेवणार नाहीत, यावर मी रानोमाळ भाषणे केली होती. "ज्या माणसाच्या हातात पैसे द्यायला तुम्ही भिता," मी म्हणाले, "त्याच्या हातात मला कसे देता?"

वडील म्हणाले, "तुला देताना भीत नाही असं तुला कुणी सांगितलं?"

याचे उत्तर मी माझ्या पत्रकांत शोधले. कुठल्याही पत्रकात ते नव्हते.

तोड मावशीने काढली. आमच्या भागात घरे धाब्याची. भिंती मातीच्या, छपरावर पांढऱ्या मातीचा जाड थर. माती गावची, तिला कोण विचारतो? घराची किंमत काय ती लाकडात असते, खांबांत आणि तुळयांत. गाव सोडून जाणारा माणूस लाकडे उपसून गाडीत भरतो आणि निघतो. मागे उघड्या भिंती राहतात आणि चार पावसाळ्यांत मातीला मिळतात. "पैकं द्यू नका," मावशी म्हणाली. "लाकूड द्या. आन् भांड्यावर घालत्यात तसं लाकडावर पोरीचं नाव घाला. हिरीत टाकता येत न्हाई आन् पुसता येत न्हाई."

तसेच ठरले. नगरमध्ये एक जुने घर पाडले जात होते, त्याची सागवानी लाकडे वडिलांनी घेतली. लढाईच्या दिवसांत लाकडाला सोन्यासारखा भाव आला होता, त्यामुळे गोधडी सगळी उसवावी लागली. सुताराने प्रत्येक तुळईच्या एका टोकाला माझे नाव आणि पुढे वडिलांचे नाव पटाशीने खोल कोरले. रेल्वेत मालाला जागा मिळत नव्हती म्हणून बैलगाड्यांनी लाकडे निघाली आणि वडील त्यांच्याबरोबर चालत निघाले. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला ते लाकडांवर झोपले. त्यांच्या जागी कुणी चोराला भ्यायले असते, हे मात्र मुलीच्या सासरला भीत होते.

लग्न ख्रिस्ती देवळात साधेपणाने झाले आणि लगेच घराचे काम निघाले. मोठे दीर कामावर फिरकलेही नाहीत. मातीत हात घालणे त्यांच्या मुकादमकीला शोभत नव्हते. माझा नवरा मात्र शाळा सुटली की गवंड्यांबरोबर चिखल तुडवी. मधली मोठी तुळई चढवायची त्या दिवशी गावातली मंडळी हात लावायला जमली. तुळई जमिनीवर आडवी होती आणि तिच्यावरचे नाव उन्हात स्पष्ट दिसत होते. एका पोराने ते मोठ्याने वाचले. मग कुणीतरी म्हणाले, "मास्तर, घर बायकूचं, मंग तुमी भाडेकरू व्हय? भाडं काय देता?"

सगळे हसले. माझ्या नवऱ्याचे कान लाल झाले. त्याने हातातला दोर खाली ठेवला आणि तो सरळ नदीकडे चालू लागला.

मला वाटले, संपले. घर उभे राहण्याआधीच संपले. वडील तुळईजवळ उभे होते आणि त्यांचा हात त्या नावावर होता, जणू ते कुणी आत्ताच पुसणार होते.

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. अंगाने लहानशा, हातभर गोंदलेल्या. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते. तुळईच्या टोकाशी बसून त्यांनी त्या खोल अक्षरांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "नाव ऱ्हाऊ द्या. पन तोंड वर करा त्याचं. मातीखाली जाईल. कुनाला दिसायचं न्हाई आन् कुनी हसायचं न्हाई. आन् हे टोक माझ्या चुलीकडं घ्या."

"मातीखालचं नाव काय कामाचं?" लग्नाला आलेली मावशी फणकारली.

"वर देव बघतो की."

"चावडीत साक्षीला देव येतो व्हय?"

सासूबाई नुसत्या हसल्या. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, वर करा. मला माझ्या माणसाची मान खाली गेलेली नको होती, आणि नाव कोरले आहे एवढे त्याला आणि मला ठाऊक असणे पुरेसे वाटत होते. तुळया चढल्या. नावे आभाळाकडे झाली. त्यांवर आडवी लाकडे, तुरकाट्यांचा थर, वर पांढरी माती. संध्याकाळी नवरा नदीवरून आला, त्याने छपराकडे पाहिले. मग माझ्या हातातली पाण्याची घागर त्याने काढून घेतली आणि भर गल्लीतून स्वतः उचलून आणली. त्यावर पुन्हा कुणी हसले, तेव्हा तोही हसला.

दोन वर्षे आम्ही त्या घरात होतो आणि मी भीती विसरले होते. मग नवऱ्याला मुदतीचा ताप आला.

ज्यांनी मुदतीचा ताप पाहिला आहे त्यांना सांगायला नको. माणूस अंथरुणाला चिकटतो आणि घर श्वास मोजू लागते. डॉक्टर म्हणाले होते, याला हलवू नका, बैलगाडीचे धक्के सोसणार नाहीत. त्यामुळे मधल्या खोलीत, त्या मोठ्या तुळईखाली, तो पडून होता. ओठ काळे पडले होते. मध्येच तो शाळेतल्या मुलांची हजेरी घेई. मी आणि सासूबाई आळीपाळीने त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होतो. गावातले लोक दारातूनच विचारून परत जात आणि जाताना एकमेकांशी हळू आवाजात बोलत. ते काय बोलत हे मला न ऐकताच कळे.

एका सकाळी गल्लीत बैलगाडी थांबली.

मोठे दीर आले होते, बरोबर लाकडाचा एक व्यापारी. दीर भावाजवळ आले नाहीत. उंबऱ्यातून त्यांनी एकदा आत पाहिले, जसे लोक कापणीला आलेल्या पिकाकडे पाहतात, आणि मग मान वर करून व्यापाऱ्याला छप्पर दाखवू लागले. व्यापारी हातातल्या दोरीने ओसरीची तुळई मापत होता.

माझ्या हातातली पट्टी खाली पडली. मावशी मला तिच्या तांब्यासकट डोळ्यांसमोर दिसली. मी बाहेर आले. सभेत शेकडो लोकांसमोर बोललेली मी, एका माणसासमोर एवढेच विचारू शकले.

"काय चाललंय, दादा?"

"काय न्हाई, मास्तरीणबाई. ओसरीचं लाकूड तेवढं काढतो. ह्यांच्याकडनं आगाऊ विसार घेतलाय मी. भाव उतरायला लागलाय, उद्या कुनी इचारायचं न्हाई."

"ते आत तापानं फणफणलेत."

"म्हनून तर आतलं न्हाई काढत. ओसरीचंच काढतो." ते खरोखरच समजूत घातल्यासारखे बोलत होते. "त्यो जगला तर नवं बांधू. आन् न्हाई जगला, तर जागा माझ्या बापाची, घर बी मलाच बघावं लागंल. तुला कुठं यायचंय हितं ऱ्हायाला? जाशील नगरला बापाकडं, पत्रकं वाटायला."

"लाकूड माझं आहे. माझ्या वडिलांनी दिलंय. त्यावर वरच्या अंगाला, मातीखाली, माझं नाव आहे."

दिरांनी तुळईकडे पाहिले, खांबांकडे पाहिले, आणि हसले. "कुठाय? मला तर दिसंना. शेठ, तुमाला दिसतंय का?"

शेजारची म्हातारी मंडळी जमली होती. तुळई चढवायला त्यांतले बरेच जण होते. पण कुणी तोंड उघडले नाही. मुकादम माणूस, त्याच्या शब्दावर गावातल्या पोरांना कारखान्यात काम मिळे. एकजण फक्त म्हणाला, "हुतं बघा कायतरी लिवल्यालं." मग तोही गप्प झाला.

व्यापारी दोरी गुंडाळत म्हणाला, "मुकादम, वादाचं लाकूड मी नेणार नाही. बाईंचं नाव निघालं तर माझा विसार परत. नाही निघालं तर गाडी भरतो. पण दाखवा कायतरी."

"दाखव," दीर मला म्हणाले. "काढ माती."

ओसरीच्या छपरावर सरपणाचा ढीग होता, त्यावर सगळा वैरणीचा भारा रचलेला. ते उपसायला दिवस गेला असता आणि गाडी थांबणार नव्हती. जवळची, मोकळी, सहज उकरता येण्याजोगी जागा एकच होती, मधल्या खोलीवरची. आणि तिच्याखाली तो पडला होता. नाव तुळईच्या कोणत्या टोकाला आहे हे मला आठवेना. एक टोक चुलीवर होते, दुसरे थेट त्याच्या उशाशी. चुकीच्या जागी कुदळ पडली तर छपराची माती त्याच्या तोंडावर येणार. मी तशीच उभी राहिले. नाव न दाखवावे तर घर जाते, दाखवायला जावे तर घर ज्याच्यासाठी आहे तो जातो.

सासूबाई आतून आल्या. आपल्या थोरल्या मुलाकडे त्यांनी पाहिले नाही. कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि शिडीकडे चालू लागल्या.

"आये, तू कुठं निगालीस?" दीर म्हणाले.

"वर."

"पडशील खाली."

"पडंन. तू हाईस की लाकडं न्यायला, मला बी ने."

शिडीच्या पहिल्या पायरीवर थांबून त्या मला म्हणाल्या, "तू आत जा. त्याच्यावर पांघरून धर. मी चुलीकडच्या टोकाला खनते. घाबरू नको."

मी आत पळाले. त्याच्या अंगावर आईची ती गोधडी होती, आतून रिकामी झालेली, लग्नात माझ्याबरोबर आलेली. ती ओढून मी पाठीवर घेतली आणि हातांवर भार देऊन त्याच्या तोंडावर ओणवी झाले. त्याचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता, भट्टीसारखा. वर कुदळ पडली. पहिल्या घावाला तुळई हलली की मी हलले, मला कळले नाही. तुरकाट्या करकरल्या. मातीचे कण गोधडीवर पडू लागले. एक ढेकूळ माझ्या पाठीवर आदळले आणि त्याने डोळे उघडले.

"काय पडतंय?" त्याने क्षीण आवाजात विचारले.

"काही नाही. तुमच्या आई छप्पर साफ करताहेत."

"आत्ता?"

त्याने पुन्हा डोळे मिटले. मी देवाला काय काय कबूल केले ते इथे लिहीत नाही. मग चुलीच्या बाजूला उजेडाचा एक पट्टा वरून खाली उतरला, त्यात धूळ फिरत होती, आणि कुदळ थांबली.

वरून सासूबाईंचा आवाज आला, घोगरा, दमलेला. "घावलं. हे बघ. पन मला वाचता येत न्हाई. तू वर ये रं. तुला शाळेत घातलं हुतं म्या. वाचून दाव सगळ्यास्नी."

मग शिडी वाजली. छपरावर जड पावले आली. त्या पावलांखाली माती पुन्हा सांडली आणि मी कोपरांवर आणखी खाली वाकले.

"वाच," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्यानं."

आणि दिरांनी वाचले. आधी माझे नाव, मग वडिलांचे. लग्न होऊन दोन वर्षे झाली होती, पण दिरांच्या तोंडून माझे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. ते खाली उतरले तेव्हा म्हणाले, "नाव काय, कुनीबी कोरंल." पण व्यापाऱ्याने विसारासाठी हात पुढे केलेला होता. विसार खर्च होऊन गेलेला होता. दीर त्याच गाडीतून त्याच्याबरोबर गेले, वाटभर काय तडजोड केली देव जाणे. निघताना ते आईला म्हणाले, "आजपासनं तुला एकच ल्योक."

सासूबाई शिडीला धरून उभ्या होत्या. हातांना माती, केसांत तुरकाट्या. "दोघं बी माझेच," त्या म्हणाल्या. "लाकूड तेवढं हिचं." आणि गाडी वळेपर्यंत त्या तिकडेच बघत होत्या. मग चुलीपाशी येऊन बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मी जवळ गेले तर त्यांनी मला रुग्णाकडे हाकलले.

त्याचा ताप मुदत भरल्यावर उतरला. वडील नगरहून आले, छपराच्या भोकातून वर पाहिले आणि कुणाला न विचारता पांढरी माती कालवायला बसले. माझा नवरा भिंतीला टेकून बसला होता, हाडांचा सापळा झालेला. तो म्हणाला, "माती भरा. पण त्याआधी मला पटाशी द्या."

सुताराला बोलवू म्हटले तर ऐकेना. शेजाऱ्याने बाज उंच करून दिली, तीवर उताणा पडून त्याने मधल्या तुळईच्या खालच्या अंगाला माझे नाव कोरले. दर अक्षराला तो थांबून धाप टाकी आणि लाकडाचा भुसा त्याच्या डोळ्यांत जाई. अक्षरे वेडीवाकडी आली आहेत. उंबऱ्यात उभ्या राहणाऱ्याला ती पहिल्यांदा दिसतात. कुणी हसले तर तो आता सांगतो, "व्हय, भाडेकरू हाय मी. भाडं वेळेवर देतो."

मी अजूनही सभांत बोलते. मुलीला आईवडिलांनी दिलेले ते मुलीचेच, हे कुणाला छप्पर फोडून सिद्ध करावे लागू नये, असा कायदा व्हावा म्हणून मी पत्रके लिहिते आणि वडिलांच्या पिशवीतून वाटते. त्यात भीतीबद्दल मी लिहीत नाही, पत्रकाला ते शोभत नाही. म्हणून इथे लिहिते. अजून गल्लीत बैलगाडी थांबली की मी हातातले काम टाकते, आधी तुळईकडे बघते आणि मग दाराकडे.